ओढ्यावरची घरं

वॉल्टर वसाहतीतल्या रस्त्यांची नावं कधी घेत नसत. मेपल, एल्म, चेस्टनट ही नावं बिल्डरच्या बायकोनं ठेवलेली, आणि ती झाडं तर आम्ही आधीच तोडली होती, असं ते म्हणत. घरं ते प्लॉटच्या नंबरावरून ओळखत. तक्रारीचा फोन आला की पत्ता ऐकून घेत आणि रिसीव्हर ठेवताना पुटपुटत, "म्हणजे एकशे बारा."

न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, इंजिनिअरिंग ऑफिसात मी ऐंशी साली लागलो. जवळ नागपूरची सिव्हिलची डिग्री आणि कोरं करकरीत ड्रायव्हिंग लायसन्स. शेजारच्या टेबलावर हे वॉल्टर, साठीकडे झुकलेले, बांधकामं तपासणारे इन्स्पेक्टर. सगळे त्यांना नावानं हाक मारत; मला ते जमायला दोन वर्षं लागली. मराठीत लिहिताना अजूनही त्यांना 'तो' म्हणवत नाही.

महायुद्धावरून परतल्यावर त्यांना याच ऑफिसात नोकरी लागली, आणि पहिलं मोठं काम ही वसाहत. बटाट्याच्या शेतात दोन वर्षांत चारशे घरं उभी राहिली, सगळी एका साच्यातली. "पहिल्या वर्षी माणसं चुकून शेजारच्या घरात शिरायची," ते सांगत. "दिव्याचं बटणही त्याच जागी सापडायचं." हे सांगताना ते हसत नसत. नुकताच जिना चढून आल्यासारखे ते कायम दमलेले दिसत. आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं.

मी नोकरीला लागल्यावर चार वर्षांनी एका एप्रिलात तीन दिवस पाऊस लागला आणि वसाहतीच्या सखल भागातल्या वीसेक बेसमेंटमध्ये पाणी भरलं. त्यात माझ्या मित्राचं, कुलकर्णींचं घर होतं. त्यांची बायको, नलूवहिनी, बेसमेंटमध्ये दर रविवारी मुलांची मराठीची शाळा घ्यायच्या. मुलं इंग्रजीतच उत्तरं द्यायची, वहिनी नेटानं मराठीतच विचारायच्या. पाहणीला मी आणि वॉल्टर गेलो तेव्हा बॅगांमधून इतक्या लांब आणलेली पहिलीची पुस्तकं पाण्यावर तरंगत होती. वॉल्टर पायरीवरूनच बघत राहिले. इथे पूर्वी काही होतं का, असं वहिनींनी त्यांना विचारलं.

"ओढा होता," ते म्हणाले, आणि जाऊन गाडीत बसले.

गाडीत त्यांनी मला सगळं सांगितलं. ओढा पाइपात घालून वरून रस्ता केला होता. नकाशात पाइप छत्तीस इंची होता. बिल्डरला तेवढे मोठे पाइप वेळेत मिळेनात, म्हणून त्यानं अठरा इंची टाकले. पंचविशीतले वॉल्टर टेप घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे होते. लढाईवरून आलेली माणसं बायकापोरांसह कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅरेजात दिवस काढत या घरांची वाट बघत होती. वॉल्टरची बायको आणि तान्ही मुलगीही त्यांतच. काम नकाशाप्रमाणे झालंय, अशा कागदावर त्यांनी सही केली.

"आधी छप्पर, पाण्याचं नंतर बघू, असं वाटलं मला," ते म्हणाले. "मग टेकडीवर शॉपिंग सेंटर आलं. पार्किंगचं सगळं पाणी खाली यायला लागलं. दरवर्षी वाटायचं, मी रिटायर होईपर्यंत निभावेल."

रिटायर व्हायला चारच महिने उरले होते. लोकांनी गटारातला पालापाचोळा काढला नाही म्हणून पाणी तुंबलं, असा रिपोर्ट आमच्या साहेबांनी तयार ठेवला होता आणि वॉल्टरना गप्प बसायला सांगितलं होतं. मीही त्यांना तेच सांगितलं. माझी ग्रीन कार्डाची फाइल याच ऑफिसातून जायची होती; त्यांच्यापेक्षा मला माझी काळजी जास्त होती. त्यांनी ऐकून घेतलं.

शाळेच्या जिममध्ये लोकांची सभा भरली. साहेबांचं बोलून झाल्यावर वॉल्टर उठले. "पाइप अठरा इंची आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सही माझी आहे." एवढं बोलून ते खाली बसले.

वसाहतीत पस्तीस वर्षं शेजारी राहिलेल्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ऑफिसनं त्यांची निरोपाची पार्टी कॅन्सल केली. शेवटच्या दिवशी ते टेबल आवरून दुपारी तीनला निघून गेले. नलूवहिनी मला म्हणाल्या, "ते खरं बोलले, बरं झालं. पण इतक्यात मला त्यांच्याशी बोलता येणार नाही." कुलकर्णींनी पुढे ते घर विकलं.

दोन वर्षांनी रस्ता खोदला. नवे पाइप उतरवायच्या दिवशी मी वॉल्टरना घेऊन गेलो. त्यांना स्वतः खाली उतरायचं होतं, पण गुडघे साथ देत नव्हते. त्यांनी खिशातली टेप माझ्या हातात दिली. मी शिडीवरून उतरलो, पाइपाच्या तोंडाला टेप लावली आणि वर ओरडून सांगितलं, "छत्तीस."

"आता दुसऱ्या टोकाला मोज," ते म्हणाले.

मी चिखलातून पलीकडे गेलो आणि पुन्हा मोजलं. तिथेही छत्तीसच भरलं. वर आलो तेव्हा ते मातीच्या ढिगावर बसले होते, हात गुडघ्यांवर टेकून.

"सही करण्याआधी दर वेळी असंच मोज," ते म्हणाले. "दोन्ही टोकांना. आता मला घरी सोड."

त्या हिवाळ्यात ते गेले. चर्चमध्ये फार माणसं नव्हती. मागच्या बाकावर नलूवहिनी बसल्या होत्या. त्या शेवटपर्यंत थांबल्या.