दगडाला बांधलेलं नेचं

चाळीस वर्षं बागेत माळीकाम केलेल्या माणसाला झाडाचं काय शिकवायचं? पण माळीबुवांवर शिकायची वेळ आली, तीही सत्तरीत. ऐका तर!

त्यांची थोरली बहीण शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर खोलीत तिला दोनच सोबती उरले, शिलाई मशीन आणि काचेची टाकी. टाकीत मासा औषधालाही नाही. नवऱ्याने आणलेलं पाण्यातलं नेचं तेवढं, हिरव्या जिभांसारख्या पानांचं. पोटाच्या ऑपरेशनला जाताना तिने किल्ली भावाच्या हातावर ठेवली.

"आठवड्याला निम्मं पाणी बदल. बाकी अक्कल चालवू नकोस."

"ताई, चाळीस वर्षं मी काय केस कापत होतो?"

ती दवाखान्यात गेल्यावर बुवांनी टाकीत डोकावलं. आडवं खोड काळ्या दोऱ्याने दगडाला बांधलेलं, मुळं उघडी. जीव कळवळला त्यांचा. "वेडी! झाडाला फाशी दिलीय!" दोरा कापून त्यांनी खोड तळाच्या वाळूत बोटभर खोल पुरलं. पानांखाली तपकिरी ठिपके दिसले, तर करपा समजून ती सगळी पानं छाटली, कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि हात झटकले.

पंधरा दिवसांत पाण्याला घाण वास सुटला. खोड उपसलं, तर हातात काळा लगदा.

दवाखान्यात ताई उशीला टेकून बसली होती, मेणासारखी पिवळी. डॉक्टरांनी पोट उघडून तसंच परत शिवलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं; पण जन्म शिवण्यात गेलेल्या बाईला टाका कळतो. भावाचं तोंडही कळलं.

"पुरलंस ना?"

बुवांनी मान डोलावली.

"खोड मोकळं लागतं रे त्याचं. पुरलं की कुजतं. असू दे, ठिपक्यांची पानं पाण्यावर तरंगत ठेव. पानावरच पिल्लं धरतात."

"ठेवलीत," बुवा म्हणाले. ताईशी ते जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले.

"मग पिल्लू धरलं की दाखव."

दुसऱ्या दिवसापासून बुवांनी शोभेच्या माशांची दुकानं पालथी घातली. शेवटी एक रोप मिळालं. तिच्याच रिळाच्या दोऱ्याने दगडाला बांधून, बरणीत घालून ते तिच्यापुढे धरलं.

तिने बराच वेळ पाहिलं. "माझ्याची पानं अरुंद होती."

बुवांनी बरणी तिच्या मांडीवर टेकवली आणि बाहीने डोळे पुसले.

"रडतोस काय, म्हाताऱ्या? गाठ बघ कशी आवळलीस! गुदमरेल ते." तिने बरणीत हात घातला आणि गाठ सैल केली.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. टाकी आता बुवांकडे आहे. आठवड्याला ते निम्मं पाणी बदलतात. त्या गाठीला मात्र अजून हात लावलेला नाही.