हाडासकट

जळकोटच्या बाजारपेठेत शिवप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. पोत्यांमागं उंदीर येतात, म्हणून दुकानात मांजर राहतं. कबरी तशीच राहिली होती. तिला कुणी काही घालत नव्हतं, ती आपलं पोट आपण भरत होती. एका बाजाराच्या दिवशी ती दुकानासमोर ट्रॅक्टरखाली सापडून मेली, तेव्हा पोत्यांमागं तिची तीन पिल्लं ओरडत होती.

शिवप्पांचं घर लिंगायत, पूर्ण शाकाहारी. त्यांनी पिल्लांना दूध-भाकरी कुस्करून घातली. पिल्लांना हगवण लागली, त्यात सगळ्यात लहान होतं ते गेलं. उरलेली दोन टोपलीत घालून ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं म्हशी रांगेत उभ्या होत्या. दोन बायका टोपलीकडं बघून हसल्या.

डॉक्टर धम्मप्रिया नव्यानं बदलून आल्या होत्या. पिल्लांची पोटं दाबून बघत त्यांनी विचारलं, "मांस कधीपासून देताय?"

"मांस? आमच्या घरात न्हाई चालत."

"तुमच्या घरात नका चालवू, अप्पा. ह्यांना द्या. मांजर भाकरीवर जगत नाही. दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं."

"मग शिजवावं लागंल?"

"शिजवून देता येतं."

"आमच्या चुलीवर ते चढणार न्हाई."

डॉक्टरांनी पिल्लं परत टोपलीत ठेवली. "मग कच्चंच द्या. पण त्याच दिवशीचं ताजं. शिळं ठेवायचं नाही. भांडं वेगळं, हात साबणानं धुवायचे."

शिवप्पा पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा चिकनच्या दुकानाची पायरी चढले. दुकानदार खाजाभाई त्यांना ओळखत होता, कोंबड्यांसाठी भरडा त्यांच्याकडूनच नेत होता. तो उठून उभाच राहिला. शिवप्पा दुसरीकडं तोंड करून म्हणाले, "नरम द्या. हाड नको."

गोदामामागच्या पत्र्याखाली ते पिल्लांना खाऊ घालू लागले. आधी मांजरं, मग अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, असा त्यांचा क्रम बदलला. पिल्लं तुकड्यांवर गुरगुरत तुटून पडायची. हगवण थांबली, अंगावर तकाकी आली. बायको पारूबाई मागच्या दारापर्यंत येऊन बघायची आणि आत जायची. ती नवऱ्याचा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगू लागली.

थंडीच्या सुमाराला दोघांतला पिवळा बोका लंगडायला लागला. एके दिवशी त्यानं पोत्यावरून खाली उडी मारली आणि तो जागीच बसून किंचाळला. मागचा पाय लोंबत होता. उदगीरला नेऊन एक्स-रे फोटो काढला. तो बघून डॉक्टर धम्मप्रियांनी विचारलं, "खायला काय देताय?"

"तुम्ही सांगितलं तेच. मांस."

"हाड?"

"न्हाई."

"का?"

"मांस कसंबसं धरतो. हाड हातात घेववत न्हाई."

"ह्यांची आई उंदीर खायची तेव्हा हाडं काढून ठेवायची का हो, अप्पा?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "नुसत्या मांसात चुना नाही. मग शरीर तो हाडांतून ओढून घेतं. ह्याची हाडं कागदासारखी झालीत. चूक माझी पण आहे, मी नीट सांगायला पाहिजे होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोंबडीची मान हाडासकट बारीक दळून घ्यायची, हाड कच्चंच हवं, शिजलेलं फुटून आतड्यात रुततं. त्यात मांस, हृदय, काळीज अगदी थोडं, मधूनमधून अंड्याचा पिवळा बलक.

शिवप्पा घरी आले. पिवळ्याला पट्टी बांधून पिंजऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाजाभाईला माना यंत्रातून काढायला सांगितल्या आणि तो गोळा पत्र्याखाली बसून हातानं कालवला. दारातून पारूबाई म्हणाली, "गळ्यात लिंग अन् हातात हाडं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्याचा पाय म्या मोडलाय."

लोक म्हणालेच. बसवजयंतीच्या आधी उत्सव समितीचे मडिवाळप्पा दुकानात आले, पाणी प्याले, पेंडीचा भाव विचारला. निघताना म्हणाले, "शिवप्पा, वाईट वाटून घेऊ नका. यंदा दासोहाच्या पंगतीला वाढायला तुम्ही उभं राहू नका. काही घरं जेवायची न्हाईत."

"बरं," शिवप्पा म्हणाले.

पंचवीसेक वर्षं ते वाढायला उभे राहत होते. त्या वर्षी ते पंगतीत बसून जेवले आणि लवकर घरी आले. पुढच्या वर्षी समितीनं बोलावलं, तर "आता गुडघे धरतात" म्हणून त्यांनीच नाही सांगितलं.

पिवळ्याचा पाय वाकडाच जुळला. तरी तो पळतो, उंदीर धरतो.

मागच्या उन्हाळ्यात शिवप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकाकडं नांदेडला गेले. खाजाभाई खाणं कालवून पोचवेल, पत्र्याखाली ठेवेल, असं ठरलं होतं. डोळ्याला पट्टी असताना त्यांचा फोन वाजला. पारूबाई होती.

"खाजाभाईनं सगळं येगयेगळं आणून ठिवलंय. काळीज किती घालू?"

शिवप्पा उठून बसले. "बोटाच्या पेराएवढं. जास्त झालं तर बाधतं."

"कालवायचं कशानं?"

"पळीनं कालव. जुनी पळी हाय तिथंच."

"पळीनं नीट मिळून येत न्हाई," ती म्हणाली. "हाडाचा चुरा एका अंगाला राहतोय. हातानंच कालवते."

फोनवर बराच वेळ मांजरांचं गुरगुरणं ऐकू येत होतं. मग तिनं सांगितलं की पिवळा आधी खातो आणि दुसरीला जवळ येऊ देत नाही, म्हणून ती दोन ताटल्या करणार आहे. लेकानं विचारलं कुणाचा फोन, तर शिवप्पा म्हणाले, "तुझ्या आईचा," आणि पुन्हा आडवे झाले.