मॅनेजर म्हणून वहिनी गेली

तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत आम्हाला 'ओट्टम कंपनी' म्हणत. तमिळमध्ये ओट्टम म्हणजे धावणं. कंपनी कसली, मी आणि माझा थोरला भाऊ. जिल्ह्यातल्या चांगल्या धावपटूंसाठी आम्ही भांडायचो: बूट, दूध, प्रवासभाडं, रेल्वेतली नोकरी. मुलांचं तो बघे, मुलींचं मी. मुलींत खरी धावणारी एकच, ओरत्तनाडूच्या सरकारी कारकुनाची लेक. आठशे मीटरला तिच्या जवळपास कुणी नव्हतं. सकाळचं मैदान मुलींना बंद होतं, ते मी पत्रकं वाटून उघडवलं. तिचे बूट मी दारोदार मागून आणले. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मद्रासच्या राज्य स्पर्धेत मुलींबरोबर बाई मॅनेजर हवी असा नियम होता. म्हणजे मी. माझी पेटी भरून तयार होती. तेवढ्यात मुलीचे वडील घरी आले, कॉफी घेतली आणि मी समोर उभी असताना भावाला म्हणाले, "तुमच्या मंडळींना पाठवा. लग्न झालेली बाई बरोबर असली की आम्हाला घोर नाही. ह्या तिथंही भाषण करतील."

भाऊ हसला. वहिनी म्हणाली, पळणारे कुठून सुटतात तेही आपल्याला ठाऊक नाही. तेसुद्धा सगळ्यांना गोड वाटलं. मला ठाऊक आहे तो आगाऊपणा, हिला ठाऊक नाही तो विनय. या देशात बाईची लायकी मंगळसूत्र बघून ठरते, असं मी तिथल्या तिथं ऐकवलं. वडिलांनी पेला खाली ठेवला. माझं भाषण झालंच होतं, त्यांचं म्हणणं सिद्ध झालं.

निघण्याआधी वहिनीनं मला विचारलं की तिथं काय काय मागायचं. मी सगळं सांगितलं. मुलींना भर दुपारी पळवतात, तो अन्याय आहे, लेखी निषेध कसा द्यायचा, कुणाला गाठायचं. ती मान डोलवत अवरक्कायच्या शेंगा निवडत होती.

पोर मद्रासला दुसरी आली. तंजावूर स्टेशनवर उतरल्याबरोबर सांगायला लागली, ते वहिनीचंच. शर्यत दुपारी लावली होती. वहिनी पंचांकडे गेली आणि म्हणाली, पोरीचं जेवण जिरलं नाही, जिरल्यावर पळेल. मग मैदानाच्या कडेला गवतावर बसली, डबा उघडला आणि पंचांनाही दहीभात दिला. शर्यत ऊन उतरल्यावर झाली, सगळ्याच मुलींची.

"आणि निषेध?" मी विचारलं.

"तो कशाला, वन्सं? ते बिचारे स्वतःच उपाशी होते."

फलाटावर सगळे हसले. मी नाही हसले. एका दुपारची सोय म्हणजे हक्क नव्हे. दहीभात खाऊ घालून नियम बदलत नाहीत, आणि बदललेही नाहीत. मुलींच्या शर्यती अजून उन्हातच लावतात. माझंच बरोबर होतं. पण त्या गवतावर डबा घेऊन मला बसायला मिळालं असतं, तर हे सगळं बरोबर असणं मी फुकट देऊन टाकलं असतं.

पुढची स्पर्धा त्रिचीला होती. या वेळी वडिलांना नको, पोरीलाच विचारा, असा मी हट्ट धरला. 

"अक्का, तुम्ही आलात की मला जिंकावंच लागतं," ती म्हणाली. "वहिनींबरोबर मला झोप लागते."

तरी मी गेले, स्वतःचं तिकीट काढून. सुरुवातीच्या रेषेला लागून दोर बांधला होता, तिथं पुढे घुसून उभी राहिले. पोरीनं गर्दीवरून नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली आणि लांब मांडवाखाली बसलेल्या वहिनीवर थांबली. वहिनी शेजारच्या बाईशी बोलण्यात गुंग होती. तिनं मान वर करीपर्यंत पोर तशीच उभी राहिली, आणि मग तिनं रेषेवर पाय ठेवला.