सायकलवरून पडले, असं मी सांगितलं

तेव्हा आमच्या बेव्हर्ली पार्कला यायला रिक्षावाले सरळ नाही म्हणायचे. अर्धा रस्ता खडीचा, अर्धा चिखलाचा, येणार कोण? स्टेशनबाहेर भाड्याने सायकली देणारं एक दुकान होतं. ओळखीच्या गिऱ्हाईकाने संध्याकाळी नेलेली सायकल सकाळी परत केली तरी मालक चालवून घ्यायचा. वहीत नाव लिहिलं की झालं. मी एका ऑफिसात टायपिस्ट होते, टेम्पररी. दिवाळीनंतर कायम करतो म्हणाले होते. बाबा रिटायर झालेले, त्यामुळे अख्खं घर त्या दिवाळीकडे डोळे लावून बसलं होतं.

एका संध्याकाळी वळणावर विटांचा टेम्पो मागून आला आणि त्याने मला उडवलं. मी उजव्या मनगटावर पडले. चूक त्याचीच, हॉर्न नाही, काही नाही. पण ड्रायव्हर पळाला नाही. त्याने मला उचलून टेम्पोत बसवलं, दवाखान्यात नेलं, आणि वाटभर रडत होता. "दीदी, पुलिस में मत बोलना. बीवी पेट से है." डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं? गाडीने ठोकलं असेल तर पोलिसांना कळवावं लागेल." तो दारात हात जोडून उभा. मी म्हटलं, "सायकलवरून पडले." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

घरी सगळे खूश. बाबा म्हणाले, "बरं केलंस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." आईचं वेगळंच. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, मुलीचं नाव पोलिसांच्या कागदावर नको. मलाही वाटलं, गरिबाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? मोठी दानशूर मी.

हाड वाकडं जुळलं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वळेना, दोन बोटं उचलेनात. ऑफिसने दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि दुसरी मुलगी घेतली. त्यांना तरी काय बोलणार? मी घरात भांडी आपटत बसले, तीही डाव्या हाताने.

मग आमच्याच बिल्डिंगमधल्या वकिलांकडे गेले. आधी सायकलवाल्याचं विचारलं, कारण ब्रेक धड लागत नव्हते. ते म्हणाले, "त्याच्याकडून काय मिळणार? सायकलीला कुठला आलाय विमा? टेम्पोला असतो, असावाच लागतो. भरपाई विमा कंपनीने दिली असती. ड्रायव्हरच्या खिशातून छदाम गेला नसता."

"मग हे कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

भीड भिकेची बहीण, हे शाळेत पाठ केलं होतं. तेवढ्यापुरतंच.

आता एकच उपाय होता, ड्रायव्हरने स्वतः कोर्टात येऊन खरं सांगायचं. तो गोडदेवला राहतो, एवढं त्याने टेम्पोत सांगितलं होतं. त्याचं घर शोधत गेले. बायकोने मुलाला कडेवर घेऊन चहा केला. वाटलं होतं, हा तोंड फिरवणार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जो हुआ, वही बोलूँगा." मला उगाचच लाज वाटली.

ठाण्याच्या कोर्टात मग तारीख पे तारीख. कधी साहेब रजेवर, कधी समोरचे वकील आजारी. दोन वर्षं बाकावर बसून काढली. तिथे बसलं की भूकही लागत नाही, नुसता कंटाळा येतो. शेवटी ड्रायव्हर साक्षीला उभा राहिला आणि त्याने सांगितलं, धक्का मीच मारला. मला वाटलं, सुटले बाई.

मग विमा कंपनीच्या वकिलांनी दवाखान्याचा कागद काढला आणि मला विचारलं, "हे तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

"पोलिसांत तक्रार?"

"नाही."

"साक्षीदाराच्या घरी गेला होतात?"

"हो."

"चहा घेतलात?"

मागे कुणीतरी हसलं. घरी गेल्यावर चहा नाही घ्यायचा तर काय करायचं? "घेतला," मी म्हटलं. ते म्हणाले, यांचं दोघांचं संगनमत आहे. बाई सायकलवरून पडल्या, टेम्पोचा काही संबंधच नाही.

दावा फेटाळला. अपील करता येईल, आमचे वकील म्हणाले. मी नको म्हटलं. माझ्यात आणखी एक बाक झिजवायची ताकद नव्हती.

निकाल ऐकायला ड्रायव्हरही खाडा करून आला होता. जिन्यात मला गाठून म्हणाला, "दीदी, मैंने तो सच बोला ना? फिर भी नहीं माने?" त्या दिवशी सगळ्या जगावर माझा राग होता, त्याच्यावरसुद्धा. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की ओरडायला तोंड उघडेना.

"तुमने सच बोला," मी म्हटलं. "झूठ मैंने बोला था."