जिजाजींचा कॉर्नरबॅक

त्या सकाळी मी बूट बांधून पिठाच्या चक्कीच्या कोपऱ्यावर उभी होते आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. रात्री उशिरा झालेल्या सामन्यात जिजाजींच्या लाडक्या खेळाडूच्या डोक्यावरून चेंडू गेला होता आणि आमचा संघ हरला होता. उठल्या उठल्या मी ते फोनवर पाहून घेतलं होतं. जिजाजी गल्लीतून बाहेर पडले की पहिलं वाक्य कोणतं टाकायचं, तेही ठरलेलं होतं. शेजारचे तिवारीजी मफलर गुंडाळत आले. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. मग फोन वाजला. ताई होती. "नलू, हे उठून नाही राहिले गं," एवढंच म्हणाली… मी धावत गेले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. तो चेंडू त्यांना पाहावा लागला नाही, हा विचार त्या घटकेलाही माझ्या मनात येऊन गेला, आणि मग मी रडले.

जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अरविंद खिरवडकर. आमच्या जबलपुरात मराठी घरांतही बहिणीच्या नवऱ्याला जिजाजीच म्हणतात, भाऊजी फक्त लग्नपत्रिकेत. सगळी नोकरी त्यांनी फॅक्टरीत काढली, तिथल्या यंत्रांवर आवाज चढवून बोलायची सवय लागली आणि निवृत्तीनंतरही आवाज काही खाली आला नाही. घमापूरच्या आमच्या गल्लीत ते दूधवाल्याशी बोलले तरी चार खिडक्या उघडत. मी लग्न केलं नाही, ऑडिट ऑफिसात आयुष्य गेलं, आणि ताईच्या घरामागच्या गल्लीतच राहते. त्यामुळे जिजाजींच्या वाट्याला बायकोबरोबर एक विरोधी पक्षही आला, असं तेच म्हणत.

आता या माणसाचा अमेरिकेतल्या फुटबॉलशी काय संबंध? संबंध जावयाचा. त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा शिकायला तिकडे गेली आणि तिथल्याच डॅनियल नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा सज्जन. पण जिजाजींची पंचाईत अशी, की त्यांचं इंग्रजी सगळं फाइलींतलं. कागदावर झकास, जिभेवर यायला तयार नाही. दर रविवारी फोनवर दोघं एकमेकांना हवामान विचारत. इकडे ऊन, तिकडे बर्फ, झालं संभाषण. जिजाजी जे बोलतील त्याला डॅनियल हसून होकार देई. "अरे, हा पोरगा मला नाही म्हणतच नाही," जिजाजी कुरकुरत. "ज्याच्याशी भांडता येत नाही तो जावई कसला? तो पाहुणा." त्यांना पाहुणा नको होता. हक्काने ज्याला दोन शब्द सुनावता येतील आणि जो उलट चार सुनावेल, असा घरचा माणूस हवा होता. ही गोष्ट त्यांना किती लागली होती, ते ताईला आणि मला ठाऊक होतं.

डॅनियल एका गोष्टीवर मात्र भरभरून बोले. त्याच्या गावचा फुटबॉल संघ. पायाने चेंडू मारायचा तो नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा आणि एकमेकांना आडवं करायचं तो. संघ त्याचा कायम हरणारा, पण जीव तुटतो बिचाऱ्याचा. जिजाजींनी तो खेळ शिकायला घेतला. चष्मा लावून, फोन भिंतीला टेकवून, फॅक्टरीतल्या नकाशासारखा. आणि त्यांना विरोध करता यावा म्हणून मीही शिकले. तिवारीजी चहासाठी येत, ते आपोआप तयार झाले.

या खेळात वर्षातून एकदा नव्या पोरांची निवड होते. कॉलेजातून आलेले खेळाडू एकेका संघाने पाळीपाळीने उचलायचे, आणि जो संघ सगळ्यात जास्त हरला असेल त्याची पाळी आधी. "हरलेल्याला आधी वाढतात, रीत चांगली आहे," जिजाजी म्हणाले. त्यांचा कार्यक्रम आपल्याकडे पहाटे दिसतो. एप्रिल संपत आला होता, आम्ही चौघं ताईच्या पुढच्या खोलीत फोनभोवती बसलो होतो, मध्ये पोहे आणि तिवारीजींनी आणलेली खोव्याची जलेबी. आणि पाहता पाहता ताई म्हणाली, "अगोबाई, हा तर स्थळं पाहण्याचा कार्यक्रम आहे." खरंच तसं होतं. पोरगा सुटाबुटात बसलेला, शेजारी आई, मावश्या, आत्या. पडद्यावर उंची, वजन, शिक्षण. फोन येईपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरलेले आणि पसंतीचा फोन आला की रडारड. त्यानंतर जिजाजींनी खेळ वगैरे पाहणं सोडलं आणि घराणी पाहायला लागले. "हा नको, बापाकडे पाहतही नाही. हा नको, फार हसून राहिला."

आमच्या संघाची पाळी आली. डॅनियलला आणि त्याच्या सगळ्या गावाला हवा होता चेंडू झेलून पळणारा गडी, गुण मिळवून देणारा. संघाने उचलला कॉर्नरबॅक. म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून समोरच्या पळणाऱ्याला चिकटून राहणारा राखणदार. स्वतः गुण करत नाही, दुसऱ्याला करू देत नाही. पोराने आधी आईला मिठी मारली, मग आजीच्या खुर्चीपाशी वाकला, आणि जिजाजींनी मांडीवर थाप मारली. "बस, हाच. पोरगा चांगल्या घरचा आहे." तिवारीजी म्हणाले, "साहब, गोल कौन करेगा फिर? ये तो चौकीदार ले आए." मी तिवारीजींच्या बाजूची. पहिल्या पंगतीत कोणी राखणदार वाढतं का?

तेवढ्यात डॅनियलचा फोन आला. चेहरा लालबुंद. जिजाजी आपल्या फाइलींतल्या इंग्रजीत म्हणाले की निवड उत्तम झाली. आणि पलीकडून, लग्नानंतर पहिल्यांदा, डॅनियल म्हणाला, "नाही बाबा. तुम्ही साफ चुकताय." मग जो सुटला! जिजाजीही सुटले. व्याकरण गेलं, हिंदी घुसली, "अरे सुन तो" झालं, "बात समझ" झालं, आणि दोघंही एकमेकांचं बोलणं तोडत राहिले. फोन ठेवला तेव्हा जिजाजींना धाप लागली होती. ते आमच्याकडे वळले, डोळे भरलेले. "ऐकलं का? भांडला माझ्याशी," म्हणाले. ताईने पोह्यांच्या बशा उचलत म्हटलं, "जावई निवडता आला नाही, म्हणून हा कॉर्नरबॅक निवडला."

त्या दिवसापासून भांडण रोजचं झालं. आमची सकाळी फिरण्याची वेळ, तिकडे डॅनियलचं जेवण झालेलं. जिजाजी फोन हातात धरून चालत आणि वाद घालत. त्यातून ते उलटं चालणं सुरू झालं. कॉर्नरबॅकला आधी मागे मागे पळावं लागतं, तोंड समोरच्याकडे ठेवून. हे किती कठीण आहे ते डॅनियलला पटवण्यासाठी जिजाजी एकदा रस्त्यातच उलटे चालू लागले आणि चक्कीपुढच्या गव्हाच्या पोत्यांवर जाऊन बसले. चक्कीवाल्याने पाणी दिलं. मला वाटलं, मोडली हौस. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटे. मी म्हटलं, "जिजाजी, काहून असं करून राहिले तुम्ही? वय काय, चाल काय." तर म्हणाले, "भांडताना समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. तू आणि तिवारी मागून बोलता, मजा येत नाही." त्यामुळे ते पुढे उलटे, आम्ही मागे सुलटे, आणि मी दर चार पावलांना ओरडणार, "खड्डा! गाय! अहो, खड्डा!" घमापूरच्या रस्त्याला ओरडण्यासारखं पुष्कळ असतं.

थोड्या दिवसांनी एक गंमत माझ्या ध्यानात आली. फोन जिजाजींच्या तोंडासमोर, त्यामुळे त्यांच्या पाठीमागचा रस्ता डॅनियलला दिसत होता. ते ज्या बाजूला जात होते ती बाजू ते स्वतः पाहत नव्हते, पण अमेरिकेत बसलेला त्यांचा जावई पाहत होता. आणि एक दिवस मी तोंड उघडायच्या आत फोनमधून आवाज आला, "खड्डा, बाबा!" उच्चार असा की तिवारीजींनी आधी फोनकडे पाहिलं आणि मग खड्ड्याकडे. जिजाजी थांबले, मागे पाहिलं, खड्डा खराच होता. त्यांनी फोनला नमस्कार केला. पुढे गाय, कुत्रा, सायकल, सगळे शब्द त्याला आले. भांडता भांडता मध्येच तो "डावीकडे!" म्हणे आणि पुन्हा आपल्या मुद्द्यावर येई. मला ओरडायचं काम उरलं नाही, तेव्हा थोडं वाईटही वाटलं.

सप्टेंबरात खेळ सुरू झाला आणि पोरगा काही चमकला नाही. कधी घसरे, कधी उशिरा वळे. डॅनियल "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणत टाळी वाजवी, मी त्याच्या सुरात सूर मिसळत असे, आणि जिजाजी एकटे त्याची बाजू लढवत. "नवीन सून घरात आली की पहिल्या दिवशी पुरणपोळी करते का? थांबा जरा." डिसेंबरच्या सुट्टीत मुग्धा आणि डॅनियल येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. जिजाजींनी तिवारीजींच्या शहपुऱ्याच्या शेतातला मटार आधीच राखून ठेवायला सांगितला होता. "समोरासमोर बसवतो त्याला, आणि काढतो निकाल," म्हणत. तो निकाल राहिला…

दोघं आले, पण नोव्हेंबरात, आणि दहाव्याला. नर्मदेच्या ग्वारीघाटावर डॅनियल पांढऱ्या सदऱ्यात पाण्यात उतरला, कोणी काही सांगायच्या आत गुरुजींकडे पाहून ओंजळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर हा माझ्या पायरीपाशी उभा, पायांत बूट. जिजाजी गेले त्या दिवसापासून मी फिरायला गेले नव्हते. जायची इच्छाही नव्हती. पण त्याला नाही कसं म्हणणार? निघालो. आणि मला जाणवलं की मी त्याला रस्ता दाखवत नाहीये. ट्रान्सफॉर्मरपाशी तो बोलता बोलता डावीकडे सरला, तिथे उघडी नाली आहे. शाळेच्या भिंतीजवळ पाय लांब टाकला, तिथला दगड उखडलेला आहे. ज्या रस्त्यावर त्याने पाऊल ठेवलं नव्हतं, तो त्याला सासऱ्याच्या खांद्यावरून पाठ झाला होता. चक्कीपाशी तो थांबला, पोत्यांकडे पाहिलं, आणि तिथेच त्याला रडू फुटलं. चक्कीवाल्याने पुन्हा पाणी आणून दिलं.

परतताना म्हणाला, "मावशी, बाबा बरोबर होते. मला ऑगस्टातला सराव पाहूनच पटलं होतं. तो पोरगा एक दिवस फार मोठा होईल. पण कबूल केलं असतं तर दुसऱ्या दिवशी आम्ही काय बोललो असतो? डिसेंबरात सांगणार होतो, त्यांच्यासमोर बसून."

घरी आलो. ताई चहा गाळत होती. मी तिला डॅनियलचं म्हणणं मराठीत सांगितलं. तिने गाळणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "अगं, हे मला काय म्हणाले होते माहीत आहे? गणपती झाल्यावर म्हणाले, जावईबापूंचं खरं आहे, पोरगा कच्चा निघाला, घाई झाली माझी. पण नलूला बोलू नको आणि त्याला तर मुळीच नको. चांगलं भांडून राहिला आहे." मुग्धाने ते डॅनियलला इंग्रजीत सांगितलं. आणि ताई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, डोळे पुसत, पण हसली. दोघंही केव्हाच बाजू बदलून बसले होते आणि एकमेकांसाठी जुनीच बाजू लढवत होते. म्हणजे खरंखुरं भांडत होते ती मी एकटीच. मला त्या घटकेला जिजाजींचा असा राग आला, की ते समोर असते तर सोडलं नसतं.

आता दोघं परत गेले आहेत. जाताना मी डॅनियलला बजावलं, बाबा बरोबर होते हे वाक्य पुन्हा काढायचं नाही. पटलं असेल तर ते आपल्याजवळ ठेवायचं. तू तुझी जुनी बाजू धर, मी जिजाजींची धरते. कोणीतरी धरायलाच हवी. त्यामुळे सध्या मी त्या पोराची वकील आहे, आणि गेल्या आठवड्यात त्याने एक चेंडू हवेतून काढून घेतला तेव्हा सबंध गल्लीला कळेल इतक्या मोठ्याने मी फोनवर बोलले. तिवारीजी म्हणाले, "दीदी, आवाज तो बिल्कुल साहब जैसी हो गई."

उलटं चालायला मला जमत नाही, गुडघे ऐकत नाहीत. मी आपली सरळ चालते, फोन तोंडासमोर धरून. त्यामुळे डॅनियलला दिसतो तो माझ्या मागे पडलेला रस्ता. पण सवय त्याची काही जात नाही. मुद्दा रंगात आलेला असतो आणि तो मध्येच म्हणतो, "खड्डा, मावशी!" तो खड्डा मी केव्हाच ओलांडून आलेली असते. तरी मी थांबते, मागे वळून पाहते, आणि सांगते, "हो रे, दिसला."