राखून ठेवलेला फवारा

माझं नाक आणि शुभकार्य यांचं कधी जमलं नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडच्या आमच्या गावात कामाला निघताना कोणी शिंकलं, की माणूस मागं फिरतो, घोटभर पाणी पितो, दोन मिनिटं टेकतो आणि मग निघतो. मी शिंकायला लागलो की अकरा-बारा शिंका ठरलेल्या. त्या मानानं गावाचं अर्धं आयुष्य पाणी पिण्यात गेलं असतं. म्हणून लोकांनी सोपा मार्ग काढला : मला बोलवायचंच नाही. कोणी बैलजोडी आणायला निघालं, की माझ्या घरी आधी निरोप येई, "मास्तर, जराशे घरातच बसा जी."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. शिंक म्हणजे नाकातली धूळ बाहेर टाकण्याची क्रिया, तिचा शकुनाशी संबंध नाही, हे सातवीला दरवर्षी सांगत असे. सांगता सांगता शिंकतही असे, त्यामुळे प्रयोगाला वेगळं साहित्य लागत नसे.

एकोणनव्वद सालच्या कार्तिकात मात्र मला घरात बसवणं कोणाला शक्य नव्हतं. माझी विधवा बहीण विमलबाई आमच्याकडेच राहत होती. तिची मुलगी पंचफुला हिची सुपारी ठरली. बाप नाही, म्हणजे होकार मामानं द्यायचा, आणि मामा मी. त्यात कापसाचा हंगाम. वेचलेला कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला, आणि माझं नाक दिवाळीपासून बंद.

मुलाचे वडील उद्धवराव पांढरकवड्याकडचे. त्यांची एकच अट होती : पंचफुलानं शिक्षिकेचं प्रशिक्षण अर्धवट सोडून घर सांभाळायचं. तिचं एक वर्ष राहिलं होतं. अट कोणालाच पसंत नव्हती. ती मोडून काढण्याचं काम अर्थात माझं होतं, आणि मी ते नाकाच्या आडोशाला ढकलून ठेवलं होतं.

"दादा," विमलबाई म्हणाली, "सुपारी फुटताना तुमी शिंकले तं ते उठून जातीन. मंग माह्या पोरीले कोन करन?"

मी आदिलाबादला नाकाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तेलुगूभाषक, हिंदी आपल्या सोयीनं बोलणारे. त्यांनी फवाऱ्याची छोटी बाटली दिली आणि बजावलं, "मास्टरसाब, ये नाक खोलने का बूँद नहीं है. रोज सबेरे लेना. असर आने को हफ्ता-दस दिन लगता." मी सगळं वहीच्या कागदावर वळणदार अक्षरात उतरवून घेतलं, घरी आलो आणि बाटली ट्रंकेत सुपारीच्या नव्या धोतराखाली ठेवली. एवढ्या लांबून आणलेली वस्तू रोज उडवायची म्हणजे काय? प्रसंगाची वस्तू प्रसंगालाच काढावी. चांगल्या धोतराचा नियम औषधालाही लागू होतो, हे विज्ञान माझं स्वतःचं.

शेजारच्या डोमाजीला बाटलीचा सुगावा लागला. "मास्तर, तुमी वापरूनच नाही राह्यले, तं मले द्या ना. सर्दीनं डोकं फुटून राह्यलं." मी दिली. दोन दिवसांनी त्यानं खूश होऊन परत केली. नळी कुठवर घातली होती, ते विचारायचा धीर झाला नाही.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी वाटलं, प्रसंगाआधी एक तालीम व्हावी. आरशासमोर मान मागं टाकली, नळी सरळ आत मधल्या पडद्यावर रोखली आणि प्रत्येक नाकपुडीत सहा फवारे मारून असा श्वास ओढला, की औषध घशात पोचलं. नाकातून रक्त आलं.

पंचफुला धावत आली. "मान खाली घाला मामा, वर नाही! नाक चिमटीत धरा." रक्त थांबल्यावर तिनं ट्रंकेतला कागद काढून मोठ्यानं वाचला : आधी नाक शिंकरणे, बाटली हलवणे, मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर कानाकडे, दोनच फवारे, श्वास हळू, बाटली दुसऱ्याला देऊ नये. मग माझ्याकडे पाहिलं. "मामा, हे अक्षर कोनाचं व्हय?"

अक्षर माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आदिलाबादला गेली. डॉक्टरांनी उजेड पाडून पडद्यावरचा ओरखडा पाहिला, डोमाजीची हकीकत ऐकली आणि बाटली टेबलावर ठेवूसुद्धा दिली नाही. नवी लिहून दिली. दोन दिवस नाकाला विश्रांती, मग रोज. पुन्हा रक्त आलं तर बंद करून लगेच इकडे यायचं. मी विचारलं, "आठवडाभरात सुपारी आहे, जास्त फवारे घेतले तर?"

"जास्ती लेने से जल्दी नहीं होता, मास्टरसाब. नाक है, बैलगाडी नहीं."

त्यानंतर रोज सकाळी पंचफुला समोर उभी राहून माझा हात तपासू लागली. तिसऱ्या दिवशी बारा शिंका, चौथ्या दिवशी सात, पाचव्या दिवशी तीन.

सुपारीच्या दिवशी पुढच्या खोलीतला कापूस मागं सारून त्यावर चादरी टाकल्या. पाहुणे सतरंजीवर बसले. ताटात सुपारी, समोर उद्धवराव, सगळ्यांच्या नजरा माझ्या नाकावर. माझंही लक्ष तिथंच. शिंक येते का? नाही. आता? नाही. आणि शिंकेची वाट पाहता पाहता एकदम वास आले. उद्धवरावांच्या मानेवरचं अत्तर, आत तळली जाणारी भजी, आणि चादरीखालून कापसाचा उन्हात तापलेला, कोमट वास. आयुष्य कापसात गेलं, पण कापसाला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"मंग भगवानराव," उद्धवराव मला विचारत होते, असं नंतर लोकांनी सांगितलं, "पोरगी शिक्षन सोडते. मंजूर हाय ना?"

मी भज्यांमध्ये होतो. कांद्याची होती.

"मंजूर हाय ना जी?"

मी गप्प. माझा चेहरा फार गंभीर दिसत होता म्हणतात. नाकाकडे लक्ष लावून बसलेल्या माणसाचा दिसतोच. उद्धवराव मुलाच्या कानाशी लागले, मुलगा त्यांच्या कानाशी लागला. मग ते घसा खाकरून म्हणाले, "राग नोका मानू, भगवानराव. शिकू द्या पोरीले. एका वर्षाचा तं सवाल हाय."

काहीतरी विचारलंय एवढं उमजून मी घाईनं "हो" म्हणालो. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर विमलबाईनं पदर डोळ्याला लावला. "दादा, तुमी असे अडून बसान असं वाटलं नवतं." मी नम्रपणे मान हलवली. पंचफुलानं मात्र मला मागच्या अंगणात गाठलं.

"खरं सांगा मामा, आयकून राह्यले होते काय?"

"भज्याचा वास घेऊन राह्यलो होतो."

ती इतकी हसली, की तिलाच ठसका लागला. "कोनाले सांगू नोका," ती म्हणाली.

ती प्रशिक्षण पुरं करून वांकिडीच्या शाळेत लागली. तिच्या सासरी गेलो, की उद्धवराव अजून सरसावून बसतात आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत विचारतात. मला बहुधा मत नसतं. मी गप्प राहतो, आणि ते आपणहून दोन पावलं मागं येतात.