खालचा नळ

ओल्या सिमेंटचा वास आला की माझं डोकं तापतं. काल आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात तोच वास होता. गच्चीवरची टाकी खालून गळते आहे, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक रिटायर्ड इंजिनियर साहेब सांगत होते, "और बड़ी मोटर लगा देते हैं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या वासानं मी मनानं थेट लहानपणीच्या, सेक्टर सहामधल्या हिंदी शाळेत जाऊन पोचले. शेजारच्या हौदामुळे वर्गाची भिंत कायम ओली असायची. सरांनी फळ्यावर गणित लिहिलं होतं: एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद कधी भरेल?

आमच्या क्वार्टरमध्ये तेव्हा पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं. टाकी भरायचं काम माझं. आई रोज ओरडायची, "आधी खालचा नळ बंद कर वं!" म्हणून मी उठून विचारलं, "सर, नीचे वाला नल पहले बंद क्यों नहीं करते?"

वर्ग खदाखदा हसला. "फॉर्म्युला लगाओ, दिमाग मत लगाओ," म्हणत सरांनी मला तासभर उभं ठेवलं. तेव्हा लाज वाटली होती. आता संताप येतो. गणित मी नंतर सोडवलंच. पण साधा प्रश्न विचारणं हा गुन्हा कसा?

काल मीटिंगमध्ये मी पुन्हा उठले. "पहले लीकेज तो बंद करो!"

साहेब हसले. "मैडम, आप बैठ जाइए."

रागाच्या भरात तोंडून घरचीच मराठी निघाली, "बसू कावून? उभं राह्याची सवय मले शाळेनंच लावली हाये!"